सोमवारी न वाहणारं बेसन: इंदूरच्या एका सेव कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

कारखाना इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागातला. सेव आणि इतर नमकीन बनवणारा, मध्यम आकाराचा, एका कुटुंबाने हळूहळू वाढवलेला. नाव देत नाही, माणसंही हुद्द्यानेच येतील. घडलं मात्र तसंच मांडतो आहे. माझं जिथे चुकलं तेही त्यात आहे.

आधी इथे बेसनाची पोती फोडून थेट मळणी यंत्रात रिकामी करत. धूळ फार, वजनात गडबड, माणसांचे खांदे दुखायचे. म्हणून सायलो, म्हणजे साठवणीची उभी टाकी, बसवला: १.८ मीटर व्यास, साधारण ७ टन बेसन मावेल इतका, खाली ६० अंशांच्या उताराचा शंकू आणि शंकूला २५ सेंटिमीटरचं तोंड. तोंडाखाली स्क्रू फीडर, म्हणजे फिरत्या मळसूत्री पात्यांनी माल पुढे ढकलणारं यंत्र; तो बेसन वजनाच्या हॉपरपर्यंत, म्हणजे वजन करणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीपर्यंत नेतो. आतून रंग दिलेलं साधं पोलाद. बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने रव्याच्या सायलोचं ड्रॉइंग काढलं आणि तेच इथे वापरलं. रवा त्यात उत्तम चालत होता, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मलाही आली नसती.

बेसन जवळच्याच गिरणीतून यायचं. दळल्यावर तीन-चार तासांत पोती आमच्या दारात, आणि पोत्यात हात घातला तर बेसन अजून कोमट लागायचं. ते ब्लोअरच्या हवेने पाइपातून सायलोत चढवायचे. कामाचा आठवडा सोमवारी सकाळी ७ ते शनिवारी रात्री १०. म्हणजे दर आठवड्याला ३३ तास सायलो भरलेला आणि निश्चल.

अडचण

जूनच्या शेवटी मला बोलावणं आलं. सोमवारी सकाळी स्क्रू फिरतो, बेसन येत नाही. शंकूवर हातोडा मारायचा, मग येतं. कधी वीस मिनिटं ठोकाठोक, कधी तासभर. तोवर कढया तापलेल्या, कारीगर हात बांधून उभे.

शंकूच्या अंगावर हातोड्याचे इतके पोचे पडले होते की तो देवीचे व्रण असल्यासारखा दिसत होता. बाहेरचा प्रत्येक पोचा आतून उंचवटा होतो आणि त्या उंचवट्यावर बेसन पुढच्या वेळी आणखी घट्ट बसतं. ठोकल्याने आजचं काम होतं आणि उद्याचं बिघडतं, हे तिथेच हाताने चाचपून कळलं.

आत दोन गोष्टी होत होत्या. एक, तोंडाच्या जरा वर बेसनाची कमान धरायची. दोन्ही बाजूंना टेकून ती वरचं सगळं वजन पेलायची. दुसरी, कमान मोडली की मधलंच बेसन खाली यायचं आणि कडेचं भिंतीला चिकटून राहायचं. कामगार म्हणायचे, ‘आत विहीर पडली.’ शब्द अगदी नेमका आहे. वरून टॉर्च मारला तर खरंच उभी विहीर दिसायची, कठडे हाताने लिंपल्यासारखे.

पहिली मोजणी आणि ती कुठे कमी पडली

गिरणीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं: विश्रांती कोन ३८ अंश. भुकटी नरसाळ्यातून सपाट जागी ओतली की जो ढीग होतो त्याच्या उताराचा हा कोन. औषध उद्योगात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी फार्माकोपियाच्या तक्त्यात ३६ ते ४० अंश म्हणजे ‘ठीक’, ४१ ते ४५ ‘चालवून घेण्याजोगं’, ४६ ते ५५ ‘वाईट’.

आम्ही तो कोन स्वतः मोजला. १५ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीवर ओतलं. पहिल्या ढिगाची उंची ६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ३९ अंश. दुसऱ्या माणसाने ओतलं तर ७.३ सेंटिमीटर, ४४ अंश. तिसऱ्या वेळी नरसाळंच तुंबलं, मुलाने काडीने ढोसलं, बेसन धपकन पडलं आणि ढीग ७.९ सेंटिमीटर झाला, साडेशेहेचाळीस अंश. तेच पोतं, तीच थाळी, आणि तक्त्यातल्या तीन वेगवेगळ्या ओळी. चिकट भुकटीचा ढीग उतरत नाही, ती थराथराने कोसळते. मग कोन भुकटीचा कमी आणि ओतणाऱ्या हाताचाच जास्त मोजला जातो.

त्यानंतर ठोकून घनता मोजली. १०० ग्रॅम बेसन मोजपात्रात हलकं भरलं तेव्हा १९० मिलिलिटर. १,२५० ठोके दिल्यावर १३६. फरक भागिले मूळ आकारमान: २८ टक्के. हा राल्फ कार यांनी १९६५ साली मांडलेला निर्देशांक. दोन घनतांचं गुणोत्तर, ज्याला हॉसनर गुणोत्तर म्हणतात, ते १.४० आलं. दोन्ही आकडे ‘वाईट’ या ओळीत बसतात.

इथे मी दोन आठवडे घालवले आणि ते घालवायला नको होते. आकडा चुकीचा नव्हता. पण बेसन वाईट वाहतं हे हातोडा धरणाऱ्या माणसाला माझ्याआधी माहीत होतं. प्रश्न वेगळा होता: हेच बेसन मंगळवार ते शनिवार बिनबोभाट येतं, मग सोमवारीच का अडतं? ठोके मोजणाऱ्या पात्राकडे याचं उत्तर नव्हतं, कारण त्यात बेसन ना कशाच्या वजनाखाली होतं, ना रात्रभर बसलं होतं.

भिंतीवरचं कॅलेंडर

उत्तराची सुरुवात सायलोशेजारच्या खांबावर टांगलेली होती आणि मी रोज तिच्यासमोरून जात होतो.

सायलो सांभाळणारे ऑपरेटर काका मूळचे इंदूरचेच मराठी. एका धान्य व्यापाऱ्याचं कॅलेंडर त्यांनी खिळ्याला लावलेलं. सोमवारच्या चौकटीत पेन्सिलने बारीक आकडे. मी विचारलं, ‘काका, हे काय?’

‘किती मिनिटं ठोकलं ते. कोणी विचारलंच नाही आजवर, पण लिहून ठेवतो मी.’

मे महिन्यात ५, ८, ५. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात २५, ४०. जुलैत ५०, ७०. बाकीच्या वारांच्या चौकटी कोऱ्या. मागच्या वर्षीचं कॅलेंडर त्याच खिळ्याला, याच्या मागे होतं. ते उलगडलं. १६ ऑगस्टला आकडा होता, कारण आदल्या दिवशी सुटी. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात, दुसऱ्या दिवशी कारखाना बंद असतो. तो उघडला त्या सकाळी ६० लिहिलेलं. मग मार्च पाहिला. रंगपंचमीला गेरीमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, अख्खं इंदूर बंद, कारखानाही. दुसऱ्या दिवशी आकडा फक्त ५.

सुटी सारखीच, मार्चमध्ये ५ आणि पावसाळ्यात ६०. नुसत्या बसण्याने एवढं होत नाही, आणि नुसत्या दमटपणाने झालं असतं तर मंगळवारीही झालं असतं. दोन्ही एकत्र आले की बेसन अडतं. माझ्या सगळ्या तपासणीत इतका स्पष्ट पुरावा दुसरा नव्हता, आणि तो एका पेन्सिलीने दोन वर्षं जमवलेला होता.

ओल कुठून येते तेही मग दिसायला लागलं. मेमध्ये बेसनातलं पाणी ८.६ टक्के होतं, जुलैत ११.१. ब्लोअर पावसाळी हवा ओढून बेसनातून काढत होता. त्यात बेसन कोमट. माळव्याच्या रात्री गार असतात, ‘शब-ए-मालवा’ म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. पण उघड्या पोलादी भिंतीला त्या गारव्यात आतून घाम फुटतो. भिंतीलगतचं बेसन तो पितं.

पहिला निर्णय, आणि एक भयानक सकाळ

कॅलेंडर हाती येण्याआधीच शेठजींनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, व्हायब्रेटर घ्यायचं ठरवलं होतं. मी हरकत घेतली नाही. ही माझी या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक. दोन व्हायब्रेटर शंकूवर बसले आणि ऑपरेटरांनी ते रविवारीही मधूनमधून चालू ठेवले, बेसन ‘मोकळं राहावं’ म्हणून. तोंड बंद असताना हादरे दिले की भुकटी मोकळी होत नाही, दाबली जाते. बरणीत पोहे जास्त मावावेत म्हणून आपण बरणी ओट्यावर आपटतो, तेच.

जुलैतल्या एका सोमवारी तास उलटला तरी काही येईना. पर्यवेक्षकाने मदतनीस मुलाला सळई देऊन वर पाठवलं. मी पोहोचलो तेव्हा वरचं झाकण उघडं होतं, आत दोरीची शिडी सोडलेली होती आणि मुलाचा एक पाय आत होता. काका खालून जिवाच्या आकांताने ओरडत होते, ‘उतर खाली! आधी खाली उतर!’

तो उतरला. दहा मिनिटांनी हादऱ्यांनी विहिरीचा एक काठ सुटला आणि टनभर बेसन एकदम खाली आलं. पडताना त्यात हवा मिसळली आणि ते पाण्यासारखं झालं. स्क्रूला धरताच येईना, फिरत्या पात्यांमधून सरळ वाहत गेलं. वजनाचा हॉपर भरून ओसंडला, खोलीत पिवळा ढग. भिंतीपलीकडे कढयांचे गॅसचे बर्नर पेटलेले होते. बेसनाची धूळ हवेत दाटली आणि तिला ज्वाळा मिळाली तर स्फोट होतो. उत्पादन प्रमुख ताईंनी धावत जाऊन गॅसचा मुख्य कॉक बंद केला.

तो मुलगा आत असता तर त्या बेसनाखाली गाडला गेला असता, आणि वर काढेपर्यंत उशीर झाला असता. त्याच दुपारी ताईंनी नियम लिहून लावला: सायलोत माणूस उतरणार नाही, कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून. झाकणाला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. तोंड बंद असताना व्हायब्रेटर चालणार नाहीत, म्हणून त्यांची वायर स्क्रूच्या स्विचला जोडली. हे निर्णय कोणत्याही मोजणीवाचून घेता येण्यासारखे होते. ते मी पहिल्या दिवशीच सुचवायला हवे होते.

दुसरी मोजणी: दाबून, बसवून

आता नेमकं काय मोजायचं ते कळलं होतं. सायलोत बेसन ज्या वजनाखाली, ज्या ओलीत, जितका वेळ बसतं, तितकं बसवून मग त्याची ताकद मोजायची. यासाठी कातर चाचणी असते. युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ साली ती आणि तिच्यावरून हॉपर आखण्याची रीत मांडली. भुकटी एका कड्यात भरून ठराविक वजनाखाली दाबायची, कड्याचा वरचा भाग खालच्यावरून सरकवायचा, लागलेलं बल मोजायचं. मग वजन कमी करून पुन्हा. त्यातून दोन आकडे मिळतात: किती दाबलं, आणि दाबून झालेलं ढेकूळ आधाराशिवाय किती भार सोसतं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. भागाकार १० च्या वर तर भुकटी मोकळी वाहते, ४ ते १० सहज, २ ते ४ चिकट, १ ते २ फार चिकट, १ च्या खाली वाहतच नाही.

बेसनाचा लाडू न वळता नुसती मूठ दाबून पाहा. मूठ उघडली तर बोटांच्या खुणांसकट ढेकूळ उभं राहतं. रवा बोटांतून सांडतो. यंत्र तीच मूठ मोजतं, फक्त किती दाबलं हे माहीत असतं.

शेठजींना हा खर्च आणि दहा दिवसांची वाट पटत नव्हती. ताईंनी कॅलेंडरचे आकडे समोर ठेवून उभ्या राहिलेल्या कारीगरांचे तास मांडले, तेव्हा होकार आला. नमुना मी जुलैच्या ओलीसकट बंद डब्यात पाठवला आणि प्रयोगशाळेला स्पष्ट लिहिलं: एकदा लगेच मोजा, एकदा ३३ तास वजनाखाली ठेवून मोजा. हे दुसरं वाक्य लिहिलं नसतं तर अहवाल पुन्हा ‘चिकट’ एवढंच सांगून थांबला असता.

३ किलोपास्कल दाबाखाली लगेच मोजलं तर ढेकळाची ताकद ०.९ किलोपास्कल, भागाकार ३.३. ३३ तासांनी ताकद १.८, भागाकार १.७. रविवारभरात बेसन दुप्पट घट्ट झालं होतं.

मग तोंडाचा हिशोब. कमान तिच्या स्वतःच्या वजनाने मोडायला हवी असेल तर तोंड अमुक इतकं रुंद हवं, हे तोंडाजवळच्या दाबाला ढेकळाची ताकद आणि बेसनाची घनता यांवरून निघतं. चालू सायलोसाठी २२ सेंटिमीटर आलं, ३३ तास बसलेल्यासाठी ४८. आमचं तोंड २५. मंगळवार निभतो आणि सोमवार अडतो, याचा उलगडा या तीन आकड्यांत झाला.

विहिरीचं कारण भिंतीच्या घर्षणात होतं. रंगवलेल्या पोलादावर बेसनाचा घर्षणकोन २७ अंश, गुळगुळीत स्टेनलेसवर २०. शंकू खाली निमुळता होत जातो, त्यामुळे सपाट पत्र्यापेक्षा त्याला बराच जास्त उतार लागतो; रंगवलेल्या भिंतीवरून ६० अंशांच्या उताराने कडेचं बेसन घसरणं शक्यच नव्हतं.

पर्याय

बेसनात सिलिका मिसळून मोकळं करणं सगळ्यात सोपं होतं. शेठजींनीच नकार दिला: सेवेच्या पाकिटावर तो घटक त्यांना नको होता. मला त्यांचं पटलं.

जाडसर दळणं. कण मोठे झाले की चिकटपणा नक्की उतरतो. दोन पोती दळवून आणली. सेव पाडणाऱ्या मुख्य कारीगरांनी घाणा काढला, एक सेव बोटांत मोडून ताईंपुढे धरली आणि म्हणाले, ‘ताई, ही खरखरते. आपली नाही ही.’ विषय तिथेच संपला.

शंकूत हवेच्या चकत्या बसवून फुंकर मारणं. त्यासाठी कोरडी, तेलविरहित हवा लागते. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा दोन्हीत नापास.

शनिवारी रात्री सायलो जवळजवळ रिकामा ठेवणं. फुकटात होणारं, आणि लगेच. अडचण गिरणीच्या गाडीची: ती शनिवारी दुपारीच यायची.

आणि शेवटचा पर्याय, शंकू कापून नवा लावणं. खर्चिक, चार दिवस काम बंद.

काय केलं

आधी फुकटातलं. गिरणीशी बोलून गाडी सोमवारी पहाटेवर नेली आणि पोती एक रात्र छपराखाली मोकळी रचून थंड होऊ द्यायची असं ठरवलं. ऑगस्टच्या कॅलेंडरवर आकडे २० च्या आत आले. शेठजी म्हणाले, मग शंकू कशाला बदलायचा? प्रश्न रास्त होता. पण दिवाळीआधी मागणी वाढली की शनिवारी सायलो भरावाच लागणार होता, आणि तो मुलगा शिडीवर होता ती सकाळ आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होती.

सप्टेंबरमध्ये शंकू बदलला: स्टेनलेस, उतार ७० अंश, तोंड ५० सेंटिमीटर. या उतारावर हिशोबाने ४५ पुरत होतं. नवा शंकू जुन्यापेक्षा ४५ सेंटिमीटर उंच, आणि खाली जागा नव्हती. सायलोचा कंबरेकडचा तेवढा पट्टा कापून टाकावा लागला. साठवण दोन-अडीचशे किलोने घटली. तोंडाखाली शेजारी शेजारी दोन स्क्रूंचा फीडर बसवला, ज्याच्या पात्यांमधलं अंतर पुढे पुढे वाढत जातं. अंतर सारखं ठेवलं तर स्क्रू मागच्या टोकालाच भरून जातो, तोंडाचा बाकीचा भाग नुसता बघत राहतो, आणि ५० सेंटिमीटरचे पैसे वाया. ब्लोअरच्या हवेसाठी ड्रायर लावला. व्हायब्रेटर काढून टाकले.

निकाल

पुढच्या पावसाळ्यात कॅलेंडरवर दोनच सोमवारी आकडे आले, १० आणि १५. दोन्ही वेळा ड्रायर बंद पडलेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी त्या चौकटीत आकड्याशेजारी ‘ड्रा.’ असंही लिहिलं होतं. विहीर पुन्हा पडली नाही. वरून टॉर्च मारला तर बेसनाचा वरचा थर सपाट, सगळा एकसाथ खाली उतरताना दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

सायलो घेण्याआधीच बेसनाचा नमुना तपासायला हवा होता. तपासणीचा सगळा खर्च नव्या शंकूच्या पत्र्याच्या किमतीपेक्षाही कमी होता. मी आल्या दिवशी ऑपरेटरशी तासभर बसायला हवं होतं, थाळी आणि नरसाळं नंतर. व्हायब्रेटरला तिथल्या तिथे विरोध करायला हवा होता.

ड्रायरवर इशाऱ्याचा दिवा अजून लागलेला नाही. मी तो प्रत्येक भेटीत मागतो.

गिरणी अजूनही विश्रांती कोनाचंच प्रमाणपत्र पाठवते. म्हणून ताई आणि काकांनी रोजच्या वापराला आपली चाचणी केली आहे. ५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन फाका, रबराने बांधलेल्या. त्यात बेसन भरायचं, वर चकती आणि ६०० ग्रॅमचं वजन, म्हणजे साधारण ३ किलोपास्कल. शनिवारी रात्री ठेवायचं. सोमवारी फाका अलगद काढल्या की बेसनाचा छोटा खांब उभा राहतो. त्यावर चकती ठेवून २० ग्रॅमची वजनं एकेक चढवायची, तो कोसळेपर्यंत. ताजा खांब १२० ग्रॅमच्या आसपास कोसळतो, पावसाळ्यात बसलेला २८० पर्यंत तग धरतो. यंत्रापेक्षा आकडे कमी येतात, कारण पाइपाची भिंत थोडा भार खाते. पण कोणतं पोतं त्रास देणार, हे बरोबर कळतं. २२० च्या पुढे गेलं तर येत्या शनिवारी सायलो अर्ध्याच्या वर भरत नाहीत.

ते आकडेही काका आता कॅलेंडरवर लिहितात, शनिवारच्या चौकटीत, निळ्या पेनने.